तिसरं पाऊल डावीकडे

तोडणकरवहिनी मला उद्देशून पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "उभे काय हाव? ता पोता धरा जरा."

मी त्यांच्याकडे खोली बघायला गेलो होतो. जमीन मोजणीच्या खात्यातली नोकरी, साताऱ्याकडून रत्नागिरीला नुकतीच झालेली बदली, बायको आणि सहा वर्षांची मंजू लॉजवर. मुरुगवाड्यात तोडणकरांची मागची खोली रिकामी आहे असं ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं, म्हणून भर उन्हात छत्री सावरत तिथं पोचलो. खळ्यात, म्हणजे घरापुढच्या सारवलेल्या अंगणात, फणसाच्या फांदीला एक पोतं टांगलेलं होतं आणि पदर कमरेला खोचलेली एक ठेंगणी बाई त्याला लाथा मारत होती. मला वाटलं, पोतं झटकत असावी. मदत करावी म्हणून मी ते मागून धरलं. पुढची लाथ पोत्यातून माझ्या पोटात पोचली. छत्री एकीकडे गेली आणि मी दुसरीकडे बसलो.

"वाळू हाय त्यात," त्या म्हणाल्या. "पाय घट्ट रोवायचे होतेत. लागला काय?"

"नाही," मी म्हणालो. लागलं होतं. पण घाटावरचा माणूस पहिल्याच दिवशी कोकणातल्या बाईची लाथ खाऊन बसला, हे कबूल कसं करायचं? खोली मात्र त्याच बैठकीत पक्की झाली, कारण उठून दुसरी शोधायला जायची माझ्यात ताकद नव्हती.

हे एक्याऐंशी सालचं. त्या खोलीत मी पुढं आठ वर्षं काढली.

वहिनींचे यजमान वसंतराव मालवाहू बोटीवर होते. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर आणि पावसाळ्यात रजेवर घरी. त्यांची बोट एकदा जपानच्या बंदरात दुरुस्तीसाठी दीड महिना अडकली, तेव्हा गोदीवरच्या एका पहारेकऱ्याने त्यांना कराटेची गोडी लावली. पुढं फेरीगणिक थोडं थोडं शिकत त्यांनी एक प्रमाणपत्रही मिळवलं. ते जपानी भाषेत होतं आणि घरात देवांच्या तसबिरींशेजारी लावलेलं होतं. त्यावर काय लिहिलंय हे अख्ख्या रत्नागिरीत कुणाला वाचता येत नसल्यामुळे त्याचा दरारा फार होता.

मी राहायला येण्याच्या आदल्या पावसाळ्यात वसंतरावांनी वाडीतली पाच पोरं जमवून क्लास सुरू केला. गणपती झाले आणि ते बोटीवर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाच पोरं सवयीने येऊन खळ्यात उभी राहिली. वहिनी मासे साफ करत बसल्या होत्या. त्यांनी पोरांकडे बघितलं, हात धुतले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "रांग लावा." वसंतरावांना घरी सराव करताना समोर कुणीतरी लागायचं, म्हणून पावसाळ्यामागून पावसाळे त्यांनी बायकोलाच उभं केलं होतं. सगळं वहिनींच्या अंगात मुरलेलं होतं आणि हे त्यांना स्वतःला सोडून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

"क्लास ह्यांचा," त्या येईल-जाईल त्याला सांगत. "मी आपली राखण करतंय. हे आले की ज्याचा त्याला."

राखण करणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, पण अशी नाही. संध्याकाळी पाचला बांगड्यांवर रुमाल घट्ट बांधून त्या खळ्यात उतरत. आकडे जपानी आणि शिव्या मराठी. "इची! नी! सान! सान म्हणजे तीन रे मेल्या, तू चौथा पाय कुणाचा टाकलास?" उशिरा येणाऱ्याने विहिरीतून दोन कळशा पाणी ओढायचं आणि माडांना घालायचं. त्यात शिक्षा किती आणि शिक्षण किती हे सांगता यायचं नाही, कारण मूठ कमरेशी मागं खेचायची ती कशी, हे त्या रहाटावरच शिकवत. "दोरी ओढतोस तसा कोपर मागं जाऊ दे. हां. आता ह्याच हातानं मार."

मधूनच त्यांना चुलीवरच्या माशाच्या साराची आठवण होई. मग पोरांना एका पायावर उभं करून "हलायचा नाय" असं बजावून त्या आत जात. सार उकळून, त्यात मीठ पडून, चव घेऊन होईपर्यंत वीसेक पोरं बगळ्यांसारखी तशीच उभी असत. आमच्या क्लासातल्या पोरांचा तोल चांगला होता तो काही उगाच नाही.

त्यांचा एक नियम मात्र रत्नागिरीत दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही. पोर एकटं घ्यायचं नाही. घरातलं एक मोठं माणूस आठवड्यातून एक दिवस तरी रांगेत उभं राहिलं पाहिजे. आई, आजोबा, आत्या, कुणीही. निम्म्या घरांतले बाप मुंबईला नाहीतर बोटीवर, त्यामुळे बहुतेक आयाच येत. "पोर घरी जाऊन काय शिकला ता सांगणार कुणाला? भिंतीला?" असं वहिनींचं म्हणणं. सुरुवातीला या आया पोरांना न्यायला म्हणून येऊन खळ्याच्या कडेला तांदूळ निवडत बसत. महिन्याभरात त्यांचीच एक वेगळी रांग झाली. मंजूला घालायचं ठरलं तेव्हा वहिनींनी विचारलं, "मोठा माणूस कोण?" माझ्या बायकोने माझ्याकडे बोट केलं. अशा रीतीने वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, पोट सुटलेल्या अवस्थेत, मी मागच्या रांगेत भरती झालो आणि तिथून कधी पुढं सरकलो नाही.

आमच्या क्लासची खरी ऐट म्हणजे आमचा काता. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने, समोर शत्रू आहे असं धरून एकट्याने करायच्या हालचाली. पहिल्या कात्यात मध्येच हात कपाळावर घेत समोर तीन पावलं जायचं आणि तिसऱ्याला ओरडायचं. आम्ही दोन पावलं सरळ जात असू आणि तिसरं डावीकडे तिरकं टाकत असू. चाळीस माणसं एकदम तिरकी वळून ओरडली की फार देखणं दिसे. मला त्यात जपानी लोकांचा गनिमी कावा दिसायचा. शत्रूला बगल देऊन हाणायचं, असं मी ऑफिसातही दोघाचौघांना समजावून सांगितलं होतं.

मुंबईच्या कराटे संघटनेला पत्र लिहिलं तेही मीच. वहिनींची थोरली नीलू तेव्हा तेरा वर्षांची होती. तिला कोल्हापूरच्या स्पर्धेला जायचं होतं आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संघटनेचा पट्टा लागत होता. मी सरकारी भाषेत, विषय-संदर्भ घालून, आमच्या वर्गाची तपासणी करून पट्टे द्यावेत असा अर्ज केला. चौऱ्याऐंशीच्या डिसेंबरात दळवी नावाचे परीक्षक आले. किडकिडीत अंगाचा, कमी बोलणारा माणूस. खळं नव्याने सारवलं होतं. वहिनींनी शिवलेले मांजरपाटाचे पांढरे पोशाख घालून पोरं उभी होती. आया, आजोबा आणि मी असे सगळे मागं. वहिनी बाजूला, इस्त्रीच्या साडीत.

पहिल्या पाच जणांनी काता केला. दळवीसरांनी वहीत काहीतरी टिपलं. दुसऱ्या पाच जणांचा झाला, तेव्हा त्यांनी हात वर केला.

"हे सगळे तिसऱ्या पावलाला डावीकडे कुठं जातात?"

मीच पुढं सरसावलो. "सर, शत्रूला बगल देऊन..."

"शत्रूला कशाला बगल द्यायची? त्याच्यावर चालून जायचंय. तिन्ही पावलं सरळ आहेत."

वहिनी खळ्याकडे बघत होत्या. मग त्यांनी सावकाश मान वळवून घराच्या पडवीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"सर," त्या म्हणाल्या, "झोपाळा हाय तिथं."

"कुठं?"

"हितं नाय. पडवीत."

मी हसलो. त्याची मला आजही लाज वाटते, कारण दळवीसर हसले नाहीत.

सगळा प्रकार उलगडायला वेळ लागला नाही. वसंतराव घरी असत ते भर पावसात. खळ्यात पाणी, म्हणून नवराबायकोचा सराव माडाच्या झापांनी आडोसा केलेल्या अरुंद पडवीत चाले. पडवीच्या मध्यावर झोपाळा आणि झोपाळ्यावर तेव्हा तान्हा असलेला धाकटा संजू निजलेला. पोर उठू नये म्हणून तिसरं पाऊल झोपाळ्याला वळसा घालून टाकायचं. वसंतराव बोटीच्या डेकवर गेले की सरळ चालत. वहिनी मात्र वळसाच शिकल्या आणि तोच त्यांनी मोकळ्या खळ्यात सगळ्यांना शिकवला. वसंतराव रजेवर येत तेव्हा क्लास परत पावसामुळे पडवीतच, पाच-पाच जणांचा, भरे, तिथं सगळे वळत, आणि ते साहजिकच वाटे. चार वर्षं चाळीस माणसं मोकळ्या जागेत, नसलेल्या झोपाळ्यावरच्या नसलेल्या बाळाला जपत होती.

"चूक पोरांची नाय," वहिनी म्हणाल्या. "त्यांना नापास करू नका."

"नापास नाही करत. सहा महिन्यांनी परत येतो," दळवीसर म्हणाले. "पण शिकवणाऱ्याने आधी स्वतः परीक्षा द्यायची असते, बाई. तुमचा पट्टा कोणता?"

"पट्टा नाय, सर. मला कोण देणार?"

दळवीसरांनी वही मिटली. मग सरळपणानेच म्हणाले, "ज्या पालकांना घाई असेल त्यांनी तोवर मुलं गावातल्या दुसऱ्या वर्गाला घालावीत. तिथला शिक्षक परीक्षा झालेला आहे." माणूस खोटं बोलला नाही. पण हे पालकांसमोर बोलला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नऊच पोरं आली. वहिनींनी एकदा नजर फिरवली आणि नीलूला पुढं उभं केलं. "सरांनी काल सरळ पाऊल दाखवलान, ता नीलूनं नीट बघितलान. आता ती सांगल." आणि स्वतः येऊन मागच्या रांगेत, माझ्या शेजारी उभ्या राहिल्या.

पोरं आठवड्यात सरळ चालायला लागली. मोठी माणसं महिन्यात. वहिनींचं पाऊल मात्र हटेना. दोन सरळ, आणि तिसऱ्याला पाय आपोआप डावीकडे. मी एका रविवारी ऑफिसातून मोजणीची लोखंडी साखळी आणून खळ्यात सरळ ताणून दिली. सरकारी साखळीचा असा उपयोग कुठल्याच नियमात बसत नव्हता. त्या साखळीवरून त्या दिवसाला शंभर वेळा चालत.

"डोक्याला कळलाय हो भाऊ," त्या म्हणत, "पायाला कळत नाय."

एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर त्या खळ्यात साखळीशेजारी बसून रडत होत्या. मला बघूनही त्यांनी डोळे पुसले नाहीत.

"पोरा गेली त्याचा काय नाय वाटत," त्या म्हणाल्या. "ह्यांनी सांभाळायला दिलान, आणि मी वाकडा करून ठेवला. आता काय म्हणून सोपवू?"

मी तिथंच खाली बसलो. म्हणालो, "वहिनी, माझी नोकरी मोजणीची. लोकांच्या बांधाचा वीतभर वाकडेपणा मी काढतो. मला चार वर्षांत दिसलं नाही."

त्या रडता रडता हसल्या. "ता तर खराच," म्हणाल्या.

मे महिन्यात दळवीसर परत आले. त्या सकाळी वहिनी घरातून बाहेर आल्या त्या पांढऱ्या पोशाखात, कमरेला नवशिक्याचा पांढरा पट्टा. साडीशिवाय त्यांना वाडीने पहिल्यांदाच बघितलं. गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, पलीकडे कुजबुज झाली, एक-दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. दहा-बारा वर्षांच्या पोरांच्या रांगेत त्या उभ्या राहिल्या. पहिलं पाऊल सरळ. दुसरं सरळ. तिसऱ्याला त्यांचा डावा खांदा आधी फिरला आणि मी डोळे मिटले.

पोरं सगळी पास झाली. वहिनी एकट्या नापास. त्यांनी आत जाऊन साडी नेसली आणि ठरल्याप्रमाणे सगळ्यांना घावनं आणि नारळाचा रस वाढला. दळवीसरांना आग्रह करून दोन जास्त वाढली.

मला वाटलं, संपलं. मी त्यांच्या जागी असतो तर महिनाभर दार उघडलं नसतं. वहिनी दुसऱ्या दिवशी पाचला पांढऱ्या पोशाखात खळ्यात हजर. पिवळ्या पट्ट्यांची पोरं पुढं, पांढऱ्या पट्ट्याच्या वहिनी मागं, आणि आकडे मागूनच. "इची! नी! नीलू, टाच उचललीस!" आणि नवल म्हणजे गेलेली पोरं याच दिवसांत परत यायला लागली. मिरकरवाड्यातली एक मासेवाली आपल्या दोन मुलींना घेऊन आली. मी तिला विचारलं, इथं शिकवणारी बाईच नापास झाली हे माहीत आहे ना? "म्हायती हाय म्हणून तर आणल्या," ती म्हणाली. "ही नापास होऊन दुसऱ्या दिवशी उभी ऱ्हायली. आमच्या घरात कोण ऱ्हायला असता?"

त्या पावसाळ्यात वसंतराव आले. आल्या रात्रीच सगळं त्यांच्या कानावर गेलं असणार, कारण सकाळी मी दात घासत मागून आलो तर ते स्टुलावर चढून पडवीतला झोपाळा उतरवत होते.

"काढताव कशाला? बसायचा कशावर?" वहिनी खालून ओरडत होत्या.

"जमनीवर," ते म्हणाले.

मग दोघं त्या रिकाम्या पडवीत चालली. दिवसच्या दिवस चालली. वसंतराव बोलायला थोडे, पण जाताना एकदा माझ्यादेखत म्हणाले, "अजून दोन-चार वर्षा. मग बोट सोडतंय. तू दमलीस, पुढं मी बघीन क्लास."

"बरा," वहिनी म्हणाल्या. एवढंच. मला त्या "बरा"चा राग आला होता, पण घरमालकांच्या संसारात भाडेकरूने किती बोलावं?

डिसेंबरात वहिनींचं तिसरं पाऊल सरळ पडलं. परीक्षेत बोलायचं नसतं म्हणून कुणी बोललं नाही, पण गडग्यापलीकडच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि दळवीसरांनीही त्यांना गप्प केलं नाही. पिवळा पट्टा बांधताना वहिनींची गाठ दोनदा चुकली. ती आनंदाने चुकली, हे मी साक्षीला उभा राहून सांगेन.

त्यानंतर क्लासने मागं बघितलं नाही. पोरं साठाच्या वर गेली, संध्याकाळच्या दोन तुकड्या झाल्या. नीलू कोल्हापूरहून जिंकून आली आणि सतरा वर्षांची होताच दर रविवारी एसटीने संगमेश्वरला जाऊन तिथल्या पोरांना शिकवायला लागली. वहिनी एकेक परीक्षा देत काळ्याच्या अलीकडच्या तपकिरी पट्ट्यापर्यंत पोचल्या. नियम तोच, पोर एकटं घ्यायचं नाही. क्लासच्या पहिल्या पाच पोरांतला एक बोटीवर लागला, तो रजेवर आला की स्वतःच्या पुतण्याचा मोठा माणूस म्हणून माझ्या शेजारी उभा राही.

एकोणनव्वदच्या दिवाळीआधी माझ्या बदलीची ऑर्डर आली, आणि त्याच आठवड्यात वसंतराव बोट कायमची सोडून घरी आले. वाडीत एकच विषय. आता क्लास वसंतराव घेणार. जपानचं प्रमाणपत्र, शेवटी मूळ क्लास त्यांचाच. पालकांनी हारही आणून ठेवला. मला सामान बांधायचं होतं, पण ती संध्याकाळ चुकवणं शक्य नव्हतं.

पाच वाजता रांगा लागल्या. पुढची, शिकवणाऱ्याची जागा मोकळी होती. वहिनी ती सोडून बाजूला, फणसाखाली उभ्या होत्या. चेहरा शांत ठेवला होता, पण रुमालाची गाठ सारखी सोडत होत्या आणि बांधत होत्या. मला फार वाईट वाटत होतं आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

वसंतराव पडवीतून उतरले. पांढरा पोशाख, पांढरा पट्टा. पोरांनी त्यांना पुढं जायला वाट करून दिली. ते त्या वाटेकडे न बघता रांगांच्या कडेकडेने चालत मागं आले आणि माझ्याशेजारी थांबले.

"सरका जरा, साहेब."

मी सरकलो. "वसंतराव, तुम्ही पुढं..."

"पुढं तिची जागा हाय," ते हलक्या आवाजात म्हणाले. "दळवीसरांकडं माझी परीक्षा कुठं झालीय?" मग त्यांनी फणसाकडे तोंड करून, कमरेत वाकून नमस्कार केला.

वहिनींनी रुमालाची गाठ पक्की बांधली. मग चालत पुढं आल्या, मोकळ्या जागेवर उभ्या राहिल्या आणि आमच्याकडे वळल्या. डोळे भरलेले होते. तोंड उघडलं, पण आकडा बाहेर येईना. मला राहवेना, मी वसंतरावांच्या कानाशी लागून म्हणालो, "बरं केलंत."

"मागच्या रांगेत बोलायचा नाय!" वहिनी कडाडल्या.

वसंतरावांनी झटकन मान सरळ केली आणि नजर समोर लावली.

"इची," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही सगळ्यांनी पाऊल पुढं टाकलं.